नोंदवही कोणासाठी भरायची?

२०२४च्या मार्चमध्ये कर्नाटकातल्या पाचवी, आठवी आणि नववीच्या मुलांना आपली वार्षिक परीक्षा होणार की नाही, हे रोज सकाळच्या वर्तमानपत्रातून कळत होते. राज्य परीक्षा मंडळामार्फत या इयत्तांचे मूल्यांकन घेण्याचा सरकारी आदेश उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने ६ मार्चला रद्द केला. दुसऱ्याच दिवशी खंडपीठाने त्या निकालाला स्थगिती दिली. ११ मार्चला पेपर सुरू झाले, १२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाची स्थगिती बाजूला सारली आणि उरलेले पेपर थांबले. २२ मार्चला खंडपीठाने सरकारच्या बाजूने कौल दिला, २५ तारखेपासून राहिलेले पेपर उरकले गेले आणि ८ एप्रिलला, निकाल हाती येत असतानाच, ते कोणत्याही कारणासाठी ग्राह्य धरू नयेत असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. आदल्या वर्षीही याच इयत्तांपैकी पाचवी आणि आठवीच्या परीक्षेवरून थोड्याफार फरकाने हेच घडले होते.

हा वाद न्यायालयात कायद्याच्या कलमांवर लढला गेला आणि ते स्वाभाविक होते. त्याखालचा प्रश्न मात्र शिक्षणाचा आहे आणि कोणत्याही निकालपत्राने तो सुटणारा नाही. मूल काय शिकले हे ठरवायचे कोणी, कशावरून ठरवायचे आणि ते लिहून ठेवायचे कोणासाठी? हुबळी आणि धारवाड यांच्या मधोमध असलेल्या अमरगोळात एपीएमसीचे, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीचे, मोठे आवार आहे. अशा आवाराच्या आसपासच्या सरकारी शाळांत हमालांची, गाडीवाल्यांची, कामासाठी खेड्यांतून आलेल्यांची मुले येतात. घरी कोणी मराठी बोलते, कोणी उर्दू, कोणी लमाणी, शाळेत कन्नड. त्या वर्गातल्या शिक्षिकेने जूनपासून मार्चपर्यंत जे पाहिले ते खरे धरायचे, की बंगळुरात छापलेल्या एका प्रश्नपत्रिकेने दोन तासांत जे टिपले ते?

सरकारची बाजू हलक्यात घेण्यासारखी नाही. ग्रामीण भारतात पाचवीत शिकणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही, हे 'असर' या शिक्षणस्थितीच्या अहवालाच्या पाहण्यांनी पुन्हा पुन्हा दाखवले आहे. तरीही त्या मुलांच्या प्रगतीपत्रकांवर श्रेण्या चांगल्याच असतात. ज्याने शिकवले त्यानेच तपासले आणि त्यानेच श्रेणी दिली, तर या तफावतीचा पत्ता दहावीपर्यंत लागत नाही, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. मंडळाची प्रश्नपत्रिका असावी, उत्तरपत्रिका दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांनी तपासाव्यात, कोणालाही नापास करू नये, फक्त कोण कुठे मागे आहे ते कळावे, असा सरकारचा युक्तिवाद होता. शिकलेल्या घरातले आईबाप मुलाची वही चाळून अंदाज बांधू शकतात. आवारात पोती उचलणाऱ्या बापाला मात्र शाळेबाहेरच्या कोणीतरी दिलेले गुण हाच काय तो पडताळा असतो. तो त्याच्याकडून काढून घेताना आपण कोणाच्या सोयीचे बोलतो आहोत, हे विरोधकांनीही स्वतःला विचारायला हवे.

दुसरीकडे, २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे शब्द पुरेसे स्पष्ट आहेत. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला मंडळाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागू नये, असे कलम ३० सांगते. मुलाची समज आणि ती वापरण्याची क्षमता यांचे सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन व्हावे, असे कलम २९ सांगते. २०१९च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नियमित परीक्षा घेण्याची आणि राज्याला वाटल्यास मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा दिली. महाराष्ट्राने ती २०२३मध्ये वापरली, केंद्राने डिसेंबर २०२४मध्ये आपल्या शाळांपुरती. तथापि नियमित परीक्षा म्हणजे मंडळाची परीक्षा नव्हे, हे विरोधकांचे म्हणणे तर्काला धरून आहे. नापास कोणीच होणार नाही हे खरे. पण परीक्षा क्रमांक आणि सीलबंद प्रश्नपत्रिका पाहून दहा वर्षांच्या मुलाला ते पटत नाही, त्याच्या आईला तर त्याहून नाही. (आव्हान देणाऱ्यांत विनाअनुदानित खासगी शाळांच्या संघटना होत्या. बालवाडीच्या प्रवेशासाठी मुलांना तोंडी प्रश्न विचारण्याचा प्रघात ज्या क्षेत्रात रुजला, त्या क्षेत्राने बालमनावरच्या ताणाची काळजी वाहावी, हे थोडे गमतीचे आहे. त्याने मुद्दा मात्र खोटा ठरत नाही.)

बाहेरच्या माणसाने येऊन मोजावे, ही कल्पना या भागाला नवी नाही. धारवाड जिल्हा १९५६पर्यंत मुंबई इलाख्यात, म्हणजे पुढच्या मुंबई राज्यात होता, आणि १८६०च्या दशकापासून त्या इलाख्यात खासगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची पद्धत होती. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांनी ती आणली होती. तपासनीस येणार, मुलांना वाचायला, लिहायला, हिशेब करायला लावणार आणि कसोटीला उतरलेल्या मुलांच्या संख्येवर शाळेला पैसे मिळणार. या पद्धतीच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी : सरकारी पैसा घेऊन काहीच न शिकवणाऱ्या शाळा तिने उघड्या पाडल्या. मात्र तपासनीस जे विचारतो तेवढेच शिकवायचे आणि जे मूल उतरणारच नाही त्याच्यामागे वेळ घालवायचा नाही, ही सवयही तिनेच लावली. इंग्लंडने शतक संपता संपता ती सोडून दिली. मोजणीला पैसा किंवा अब्रू चिकटली की मोजणी वाकते, हे तेव्हाच कळले होते.

मग शिक्षकावर विश्वास टाकावा, हे उत्तर सोपे वाटते. ते तितके सोपे नाही. १९१२मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शाळांतल्या शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरपैकी कोणी ६४ गुण दिले, कोणी ९८. दुसऱ्या उत्तरपत्रिकेला ५० ते ९७. तेव्हा काहींनी म्हटले, निबंधाचे असेच असायचे. म्हणून पुढच्या वर्षी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली, तर फरक आणखी वाढला. आपल्याकडचा अनुभव याहून बोचरा आहे. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी २०१२मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातल्या अभ्यासात, उत्तरपत्रिकांवर मुलांची जात, लिंग आणि वय चिठ्ठ्या टाकून लिहिले होते. म्हणजे 'खालच्या' जातीचे म्हणून दाखवलेले मूल प्रत्यक्षात कोणीही असू शकत होते. तरी त्या उत्तरपत्रिकांना थोडे कमी गुण पडले. फरक फार मोठा नव्हता, पण होता. आणि तो देणाऱ्या शिक्षकांना आपण असे काही करतो आहोत याची जाणीवही नसावी.

दहावीला हा प्रश्न वेगळ्या वेषात भेटतो. कर्नाटकात एसएसएलसीला प्रथम भाषा सोडून बाकीच्या विषयांत ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० शाळेच्या हातातले. त्या विसांपैकी अठरा-एकोणीस मिळणे ही शाळांमध्ये बातमी नसते. दुसऱ्या बाजूला, २०२४मध्ये परीक्षा केंद्रांवर कॅमेरे लावून थेट देखरेख सुरू झाली, तेव्हा आदल्या वर्षीचा ८३.८९ टक्के निकाल ७३.४० टक्क्यांवर आला, आणि तोही ग्रेस गुणांची मर्यादा दहा टक्क्यांवरून वीसवर नेल्यानंतर. म्हणजे फुगवटा फक्त शाळेच्या विसांतच होता असे नाही; मंडळाच्या ऐंशींतही तो होता. शिक्षकाचे मूल्यमापन सैल आणि मंडळाचे काटेकोर, अशी सरळ विभागणी ज्यांच्या मनात आहे त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत.

आता नोंदींकडे येऊ, कारण खरे दुखणे तिथे आहे.

महाराष्ट्राने ऑगस्ट २०१०मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. कागदावर ते नेमके आणि विचारी होते. पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाला ७० टक्के आणि संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या, मूल्यमापनाला ३०. वर्ग वाढेल तसा संकलितचा वाटा वाढत सातवी-आठवीला ६०. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय अशी साधने. त्यावर प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. नुसत्या गुणांपेक्षा मुलाविषयी एक वाक्य लिहिणे केव्हाही मानाचे, असा त्यामागचा हेतू होता आणि तो चांगलाच होता. मनापासून नोंदी ठेवणाऱ्या शिक्षकांना त्यांचा उपयोगही झाला. कोणते मूल वाचताना जोडाक्षरापाशी अडते, कोणते तोंडी सांगते पण लिहीत नाही, हे त्यांच्या वहीत दिसे.

तथापि बहुतेक ठिकाणी पुढे काय झाले ते प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. इयत्तावार, विषयवार तयार नोंदींच्या पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरू लागल्या. 'कविता तालासुरात म्हणतो', 'गटात मिळून मिसळून वागतो', 'परिसराविषयी जिज्ञासा दाखवतो' ही वाक्ये हजारो मुलांच्या नावापुढे उतरली. त्यासाठी शिक्षकांना दोष देण्याआधी साधा हिशेब करावा. वर्गात चाळीस मुले, सहा विषय, महिन्याला प्रत्येकी एक नोंद धरली तर २४० नोंदी. एका नोंदीला विचार करून एक मिनिट दिले तरी चार तास. मुलाकडे पाहण्याचा वेळ यात धरलेलाच नाही. त्यात पोषण आहाराचा हिशेब, मतदारयाद्या, सर्वेक्षणे. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कर्नाटकातल्या शिक्षकांना सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणासाठी घरोघर फिरवले गेले आणि शाळांची सुट्टी वाढवावी लागली. त्याच शैक्षणिक वर्षी राज्याने पाठाधारित मूल्यांकन आणले होते : प्रत्येक पाठ संपला की चाचणी, आणि तिचे गुण संगणकावर. शिकवायचे कधी, अशी तक्रार शिक्षकांनी केली, ती आळशीपणाची म्हणून उडवून लावता येणार नाही.

पण नोंदच नको, असेही म्हणता येत नाही. शिक्षिकेची बदली झाली, मूल गाव बदलून दुसऱ्या शाळेत गेले, तर तिच्या डोक्यात जे होते ते तिच्याबरोबर गेले. हंगामात स्थलांतर करणाऱ्या घरांतल्या मुलांचे हे नेहमीच होते. नव्या शाळेत त्यांना पुन्हा मुळाक्षरांपासून बसवले जाते किंवा उगाच पुढे ढकलले जाते. शिवाय ज्या शिक्षकाचा पूर्वग्रह आहे, तो लेखी पुरावा नसताना अधिक मोकळा सुटतो. लिहून ठेवलेले असेल तर त्याला प्रश्न विचारता येतो. प्रश्न नोंद हवी की नको हा नाही, किती आणि कोणासाठी हा आहे.

कर्नाटकाकडे याचे एक उत्तर जुने आहे. मैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात १९९५मध्ये सुरू झालेली 'नली-कली' पद्धत पुढे राज्यभरातल्या सरकारी कन्नड शाळांच्या सुरुवातीच्या वर्गांत गेली. तिच्यात अभ्यासक्रमाचे लहान लहान टप्पे शिडीसारखे मांडलेले असतात आणि मूल कोणत्या टप्प्यावर आहे हे भिंतीवरच्या किंवा वहीतल्या तक्त्यात खूण करून दाखवले जाते. नोंद म्हणजे एक खूण. ती बघून शिक्षिका ठरवते की आज कोणाजवळ आपण बसायचे आणि कोणाला सोबत्याच्या भरवशावर सोडायचे. तिचा उपयोग त्याच दिवशी, त्याच खोलीत होतो. या पद्धतीवरही टीका आहे, आणि ती रास्त आहे : तीन इयत्ता एका खोलीत घेऊन बसणाऱ्या शिक्षिकेवर फार भार पडतो, पालकांना पुस्तक आणि परीक्षा दिसत नाही म्हणून ते बिचकतात, आणि साहेब येणार म्हटले की खुणा भराभर वर चढतात. तरीही नोंद शिकवण्यासाठी असली की ती छोटी असू शकते, हे तिने दाखवले.

भाषेचा मुद्दा मात्र दोन्ही बाजूंनी पुरेसा मांडला गेलेला नाही. बेळगाव-खानापूर-निपाणीकडे मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. एसएसएलसीला मराठी प्रथम भाषा घेता येते आणि माध्यमही मराठी असू शकते. हुबळी-धारवाडमध्ये मराठी बोलणाऱ्या घरांतली बरीच मुले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात जातात. अशा मुलाने गणितातले शाब्दिक उदाहरण सोडवले नाही, तर त्याला भागाकार येत नाही की 'समान वाटणी' असे सांगणारे कन्नड वाक्य कळले नाही, हे छापील पेपर सांगू शकत नाही. शिक्षिका सांगू शकते, तिने विचारले तर. दुसऱ्या बाजूने असेही म्हणता येईल की शेवटी शाळेची भाषा यायलाच हवी, सवलत दिली तर मूल कायमचे मागे राहील. हे खरे आहे. मात्र भाषेची उणीव भाषेच्या रकान्यात नोंदवावी. गणिताच्या रकान्यात नोंदवली तर उपचार चुकीच्या दुखण्यावर होतो.

सर्व बाजू पाहता आमचा कल असा. पाचवी आणि आठवीला मंडळाची परीक्षा नको, नववीलाही तिची गरज दिसत नाही. दहावीला बाहेरची परीक्षा न्याय्य आहे, कारण त्या गुणांवर पुढचे प्रवेश ठरतात आणि तिथे सर्वांना एकच माप हवे. त्याखाली शिक्षकाचा निर्णय अंतिम असावा, पण एकट्याचा नसावा. प्रत्येक क्लस्टरमध्ये, महाराष्ट्रात म्हणायचे तर प्रत्येक केंद्रात, सहामाहीला एकदा शिक्षकांनी आपापल्या वर्गातल्या काही उत्तरपत्रिका नाव झाकून एकमेकांकडे द्याव्यात आणि गुणांत फरक आला तर का आला यावर बोलावे. हॅना-लिंडन यांच्या अभ्यासातला दोष नाव आणि जात झाकल्याने कमी होतो, आणि स्टार्च-एलियट यांनी दाखवलेला फरक, कशाला किती गुण हे आधी एकत्र बसून ठरवल्याने. क्लस्टरच्या बैठका आजही होतात. त्यात परिपत्रके वाचून दाखवण्याऐवजी हे करता येईल.

नोंदी विषयागणिक तीनच असाव्यात : जून, नोव्हेंबर, मार्च. तयार वाक्य नको. मुलाच्या वहीचे तारीख घातलेले पान, आणि खाली शिक्षिकेची एक ओळ. ती ओळ संगणकावर चढवायची सक्ती नको. रोजच्या खुणा शिक्षिकेच्या स्वतःच्या वहीत राहाव्यात, अधिकाऱ्याने मोजू नयेत. नव्या शैक्षणिक धोरणाच्या समग्र प्रगतीपत्रकात स्वयंमूल्यमापन, सोबत्यांचे मूल्यमापन, पालकांचे मत असे सगळे येते. हेतू उदार आहे, पण रकाने वाढले की पीडीएफही वाढणार.

राज्याला चित्र हवे असेल तर त्यासाठी नमुना पाहणी पुरते. केंद्राच्या 'परख' या मूल्यमापन संस्थेने ४ डिसेंबर २०२४ला तिसरी, सहावी आणि नववीची अशी पाहणी केलीच. या मार्गाचीही किंमत आहे, ती लपवू नये. नमुन्यात आपल्या मुलाचे गुण कळत नाहीत. पोती उचलणाऱ्या त्या बापाच्या हाती काहीच येत नाही. आणि परीक्षा घेणारे शाळेचेच लोक असतील तर कोणाच्या पगाराला धक्का नसतानाही आकडे फुगतात, हे अर्थतज्ज्ञ अभिजित सिंह यांनी मध्य प्रदेशातल्या सरकारी चाचण्यांची स्वतंत्र फेरतपासणी करून दाखवले आहे. म्हणून पाहणी बाहेरच्यांनी घ्यावी. बापाच्या हाती काय, याचे आमचे उत्तर ती तीन पाने हेच आहे. ते मंडळाच्या शिक्क्याइतके वजनदार नाही, हे मान्य. पण वाचायला न येणाऱ्यालाही जूनचे पान आणि मार्चचे पान यांतला फरक डोळ्यांनी दिसतो; ६२ टक्क्यांतून त्याला तेवढेही कळत नाही.

शिक्षण खात्याने पुढच्या वर्षाची परिपत्रके काढण्याआधी आहेत त्या नोंदींतल्या निम्म्या तरी रद्द कराव्यात. पालकांनी शाळा विकास समितीच्या बैठकीत टक्केवारी विचारण्याआधी मुलाची जूनमधली आणि नोव्हेंबरमधली वही शेजारी ठेवून पाहायला मागावी. ती शाळेला दाखवता आली नाही, तर प्रगतीपत्रकावरच्या श्रेणीवर विश्वास ठेवू नये.